सिंकला बॅकअप म्हणून विकणं बंद करा आधी

डोकं फिरलंय अक्षरशः. तीन रात्री झाल्या, घरच्या कॉम्प्युटरचा बॅकअप ठेवायचा कुठे एवढ्या एका प्रश्नात अडकलोय आणि जो तो येतो तो हेच सांगून जातो, "अरे क्लाउडवर टाक ना, विषय संपला." विषय कुठे संपला? माझा तर तिथूनच सुरू झाला.

मागच्या वर्षी हेच ऐकून सगळे फोटो क्लाउडच्या फोल्डरात टाकले. लॅपटॉपवर जागा कमी पडायला लागली म्हणून त्यातलं एक फोल्डर उडवलं, म्हटलं वर आहेच की. नव्हतं! इथून उडवलं की तिथूनही उडतं, कारण तो बॅकअप नव्हताच, नुसतं सिंक होतं, म्हणजे दोन्हीकडे कायम सारखंच ठेवणं, आणि मला हे कळलं दीड महिन्यानं, तोवर ट्रॅशही आपोआप रिकामा झालेला. मुलगी पहिल्यांदा चालली तो व्हिडिओ त्यात होता. बाबांचं बोलणं रेकॉर्ड केलेलं होतं, बाबा आता नाहीत. आणि कस्टमर केअरवाला म्हणतो, "सर, डिलीट तुम्हीच केलंय." हो मीच केलंय, पण जाहिरातीत "आठवणी सुरक्षित" असं एवढं मोठं लिहिता, तिथंच खाली "इथून काढलं तर तिथूनही जाईल" एवढं एक वाक्य लिहायला काय जातं तुमचं?

बरं, त्याआधी एक्स्टर्नल हार्ड डिस्क होतीच. १ टीबीची. दोन वर्षं ड्रॉवरमध्ये पडून होती, व्हिडिओ गेल्यावर धावत जाऊन काढली, केबल लावली, लाइट लागला, आणि आतून टक्... टक्... टक्. स्क्रीनवर काहीच नाही. कानाला लावून बसलो होतो मी ती, तोच आवाज, परत परत. रिकव्हरीवाल्यानं जो आकडा सांगितला त्यात तशा कितीतरी नव्या डिस्का आल्या असत्या, आणि वर गॅरंटी काहीच नाही.

आणि चालू असती तरी काय? कॉम्प्युटरच्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होती. चोरी झाली, आग लागली, तर दोन्ही एकदमच जाणार. कायम जोडून ठेवावी तर रॅन्समवेअर, म्हणजे फायली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, आला की तिच्यावरच्या फायलीही लॉक करून टाकतं. आता कोणी म्हणेल नॅस घे, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडायचा डिस्कांचा डबा, दोन डिस्कवाला, आणि त्यात रेड लाव, म्हणजे दोन्ही डिस्क एकत्र चालवायची सोय. अहो, रेड १ म्हणजे दोन्ही डिस्कवर तेच, त्याच क्षणी. एक डिस्क मेली तर वाचाल, पण चुकून फाइल उडवली तर ती दोन्हीकडून उडते! एसएसडी, म्हणजे आत फिरणारी तबकडी नसलेली चिपवाली डिस्क, नुसती कपाटात टाकून वर्षानुवर्षं विसरायची म्हणाल तर तिच्यातला चार्ज वीज न मिळाल्यानं हळूहळू ओसरतो. पेन ड्राइव्हचं नावच काढू नका.

शेवटी सगळे ३-२-१ वर येतात. तीन कॉपी, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. नियम चांगलाच आहे, मला राग नियमाचा नाहीये, राग याचा आहे की ती घराबाहेरची कॉपी साध्या माणसानं कशी करायची यावर कोणी धड बोलत नाही. नेटच्या प्लॅनवर डाउनलोड स्पीड ठळक अक्षरात, अपलोड शोधावा लागतो. २० एमबीपीएस अपलोड धरला तर १ टीबी चढायला साडेचार दिवसांच्या वर लागतात, तेही रात्रंदिवस, मध्ये एकदाही न तुटता. माझं तर रोज तुटतं आणि ते सॉफ्टवेअर परत पहिल्यापासून फायली तपासत बसतं.

आता वैतागून दोन नव्या डिस्क घेतल्यात. एक घरी, कामापुरतीच जोडायची आणि काढून ठेवायची. दुसरी एन्क्रिप्ट करून, म्हणजे पासवर्डशिवाय वाचताच येणार नाही अशी करून, ताईकडे, महिन्याला अदलाबदल. शिवाय जुन्या व्हर्जन जपून ठेवणारी खरी बॅकअप सर्व्हिस, सिंकवाली नव्हे, आणि तिचा एन्क्रिप्शनचा पासवर्ड कागदावर लिहून ताईकडेच, कारण तो हरवला तर आपलाच डेटा आपल्याला उघडता येत नाही. दर महिन्याला एक फोल्डर परत उतरवून उघडून बघतोय. हे सगळं मला दोन वर्षांपूर्वी कोणीतरी सरळ सांगायला हवं होतं रे. ती टक टक करणारी डिस्क अजून ड्रॉवरमध्येच आहे, फेकवत नाहीये.