‘आधी नशा सोडा, मग या’: फिरत्या मजकुराला उत्तर

अमेरिकेतल्या डॉक्टरांबद्दल एक मजकूर गटागटांतून फिरतो. सार असं: ‘हेरॉइन, फेन्टानिलच्या आहारी गेलेल्या गरोदर बाईला तिथले प्रसूतितज्ज्ञ नशेच्याच गोळ्या देतात. एक व्यसन सोडवून दुसरं लावतात. बाळ व्यसनी जन्मतं. बाईनं आधी पूर्ण सोडावं. आणि हे काम बाळंतपणाच्या डॉक्टरांचं नव्हेच.’

‘आधी सोडा’ हा यातला सर्वांत घातक सल्ला. सोडता येतं, पण बहुतेकींचं टिकत नाही. मधल्या काळात अंगाची सवय मोडलेली असते, त्यामुळे पूर्वीचाच डोस जिवावर बेततो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४मध्ये आणि अमेरिकी प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७मध्ये सांगितलं, की मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही औषधं (मजकुरातल्या ‘नशेच्याच गोळ्या’ त्या ह्याच) देणंच बरं.

‘दुसरी नशा’ म्हणणाऱ्यांनी ब्युप्रेनॉर्फिन सुरू कसं करतात ते पाहावं. बाईला जांभया, घाम, अंगावर काटा असा नशा तुटल्याचा त्रास सुरू होईपर्यंत थांबायचं, मगच पहिली गोळी जिभेखाली. घाई केली तर त्रास एकदम उसळतो. डोस बसला की तलफ शमते, पुडीमागची वणवण थांबते, बाई तपासणीला येऊ लागते. नशेसाठी कुणी एवढे सोपस्कार करत नाही!

बाळाचं म्हणणं अर्धं खरं. व्यसन नव्हे, पण औषध तुटल्याचा त्रास होऊ शकतो: थरथर, किरकिर, दूध नीट न ओढणं. त्यावर इलाज आहे. पूर्वी लक्षणांना गुण देत मॉर्फीन सुरू करायचे. आता बऱ्याच ठिकाणी तीनच गोष्टी बघतात: बाळ पुरेसं दूध पितंय का, सलग तासभर झोपतंय का, दहा मिनिटांत शांत होतंय का. उजेड कमी, आवाज कमी, बाळ आईच्या छातीशी. २०२३मध्ये २६ रुग्णालयांतल्या अभ्यासात अशी बाळं सरासरी ८.२ दिवसांत घरी जाण्याजोगी झाली. जुन्या पद्धतीत १४.९ दिवस लागत.

राहिलं ‘आमचं काम नाही’. २०००च्या कायद्यानं ब्युप्रेनॉर्फिन लिहायला वेगळी परवानगी आणि आठ तासांचं प्रशिक्षण लागे. बाळंतपण करणाऱ्या परिचारिकांना (नर्स-मिडवाइफ) तर २०१८पर्यंत ती मिळतच नव्हती. डिसेंबर २०२२मध्ये ही परवानगीची अटच गेली. म्हणजे आता अडतं ते कायद्यापाशी नाही, हात वर करण्याच्या सवयीपाशी. गरोदर बाई आधी महिन्याला, शेवटी आठवड्याला तपासणीला येते. एवढ्या नेमानं ती दुसऱ्या कुठल्याच डॉक्टरकडे जात नाही. चिठ्ठी देऊन पाठवलेल्या कितीतरी जणी त्या दुसऱ्या दवाखान्यात पोचतच नाहीत.

तेव्हा प्रसूतितज्ज्ञांना हे शिकवायचंच तर नीट शिकवा: दिवस भरत आले की डोस विभागून द्यावा लागू शकतो, कळांतही गोळी थांबवायची नसते, कळा कमी करणारं कंबरेतलं इंजेक्शन (एपिड्युरल) देता येतं. आणि बाळंतपणानंतरचं वर्षही अभ्यासक्रमात धरा. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या नोंदींत ओव्हरडोसचं प्रमाण सर्वाधिक दिसलं ते गरोदरपणात नव्हे, बाळंतपणानंतर सातव्या ते बाराव्या महिन्यात. तोवर प्रसूतितज्ज्ञांनी फाईल कधीच मिटलेली असते.