बसतंय की!

आमच्या कोल्हापुरात ‘बसत नाही’ हे कुणी ऐकून घेत नाही. तिघांच्या बाकावर पाचवा बसतो, वडापच्या जीपमध्ये सोळावा बसतो, आणि तांबडा-पांढरा हाणून झाल्यावरही पोटात मटणाची आणखी एक वाटी बसते. अशा गावात वाढलेल्या माणसानं स्वतःच्या हातानं गेमिंग कॉम्प्युटर जोडायला घेऊ नये. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मी घेतला.

दिवाळीचा बोनस, बायकोला न सांगितलेली एक आरडी आणि ‘ऑफिसचं काम घरी आणावं लागतं’ ही थाप, असं मिळून साठ हजार जमले. तयार कॉम्प्युटर घेऊ या म्हटलं, तर अकरावीतला भाचा माझ्याकडं असा बघायला लागला, जणू मी पांढऱ्या रश्श्यात साखर मागितली.

“मामा, तयार कोण घेतं? पार्ट निवडायचे, जोडायचं.”

माझा हिशेब सोपा होता. प्रोसेसर परवडेल तो, बाकी सगळं नवंकोरं. वहीच्या मागच्या पानावर यादी केली आणि भाच्यापुढं ठेवली. त्यानं ती दोनदा वाचली.

“प्रोसेसर रायझन ५ ५६००. म्हणजे एएम-४ चा. मदरबोर्ड एएम-५ चा लिहिलाय. आणि रॅम?”

“डीडीआर-५. चारापेक्षा पाच भारी की.”

मग माझी शिकवणी सुरू झाली. एएम-४, एएम-५ ही प्रोसेसर बोर्डावर ज्यात बसतो त्या खोबणीची नावं. एएम-४ च्या प्रोसेसरच्या पोटाखाली १३३१ पिना असतात, त्या बोर्डाच्या भोकांत जातात. २०२२ साली एएम-५ आलं आणि पिना बोर्डावर गेल्या, त्याही १७१८. प्रोसेसरचं पोट सपाट. म्हणजे माझ्या यादीप्रमाणं पिनांवर पिना ठेवून वरनं दाबायचं होतं. रॅमचं तर आणखी चमत्कारिक. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या दोन्ही पट्ट्यांना २८८ टोकं, लांबी तीच. शेजारी धरल्या तर जुळी भावंडं. फक्त खालची खाच जराशी सरकलेली.

“एवढी खाच कानशीनं वाढवली तर?” मी विचारलं.

भाचा उठून पाणी प्यायला गेला.

राजारामपुरीत दोन-तीन दुकानं पालथी घातली. एका काउंटरवरच्या इसमानं माझी यादी न वाचताच सांगितलं, “घ्या हो, सगळ्यात सगळं बसतंय.” पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या भाषेत बोललं, म्हणून मला भरून आलं. त्यानं बी-४५० चा बोर्ड पुढं सरकवला. स्वस्त, आणि प्रोसेसर बसतोही त्यात. पण भाच्यानं माझी बाही ओढली. बायोस म्हणजे बोर्ड चालू करणारा त्याच्या आतला प्रोग्रॅम; हा बोर्ड जुन्या बायोसचा असला तर नवा प्रोसेसर ओळखतच नाही. बायोस नवा करायचा तर बोर्ड चालू पाहिजे, आणि बोर्ड चालू करायचा तर त्याच्या ओळखीचा जुना प्रोसेसर पाहिजे. म्हणजे गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायचं, तर घरनं पेलाभर दूध घेऊन जायचं! काही बोर्डांना पेनड्राइव्ह लावून प्रोसेसरशिवाय हे काम होतं म्हणे, पण ह्या बोर्डाला ती सोय नव्हती. आम्ही त्याच्यापेक्षा नवा बी-५५० घेतला.

पॉवर सप्लायच्या डब्यांवर ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असली पदकं छापलेली असतात. वीज किती कमी वाया जाते त्याची ती प्रतवारी. दुकानदार म्हणाला, “ब्राँझ कशाला, गोल्ड न्या.” मी म्हटलं, १९५२ साली हेलसिंकीहून खाशाबा जाधवांनी आणलं ते ब्राँझच होतं, आमचं भागतंय त्यावर. साडेपाचशे वॉटचं ब्राँझ घेतलं. एवढ्या सगळ्या व्यवहारात माझं स्वतःचं म्हणावं असं हे एकच वाक्य, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता काका. काका शिवाजी उद्यमनगरातले जुने टर्नर. सत्तरी ओलांडली, अजून लेथ सोडलेली नाही आणि खिशातली मापं घ्यायची व्हर्नियर तर आंघोळीपुरतीच सोडतात. शाफ्ट जाड झाला तर उतरवायचा, भोक बारकं पडलं तर बोअर वाढवायचं. ज्या रविवारी जोडणी करायची ठरली, त्या दिवशी ते सहज म्हणून आले आणि पाटावर मांडी ठोकून बसले.

प्रोसेसर बसला. रॅम बसली, खट् आवाज करून, तो आवाज ऐकून माझा जीव खाली-वर झाला. मग ग्राफिक्स कार्ड. तीन पंख्यांचं, चांगलं वीतभराहून लांब. कॅबिनेटच्या खोक्यावर ‘३१० मिलीमीटरपर्यंत’ लिहिलेलं वाचून मी २९२ चं कार्ड बिनघोर उचललं होतं. ते आत घालायला गेलो, तर पुढच्या बाजूला अडलं. तिरकं करून बघितलं, अडलं. कॅबिनेट आडवं केलं. बायको दारातनं बघून गेली. तरी अडलं.

“किती कमी पडतंय?” काकांनी टेप लावला. “सात मिलीमीटर. म्हंजे दोन सूत आन् वर केसभर. दे हिकडं, टोक घासून देतो.”

भाच्यानं कार्ड छातीशी धरलं. इतक्या मायेनं त्यानं कधी आईलाही धरलं नसेल.

“बरं, मग डब्याला फुडनं खिडकी पाडू. ग्राइंडर आणू का?”

“काका, यात घासायचं, पाडायचं काही नसतं,” मी म्हणालो. महिनाभर भाच्याकडून ऐकलेलं सगळं मी त्यांना सुनावलं. ज्याचं त्यालाच बसतं, नाहीतर परत करायचं आणि दुसरं घ्यायचं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं, मोबाइलचा टॉर्च लावला आणि डब्यात डोकं घातलं. आतनं आवाज आला.

“ह्यो पंखा हितं कुणी लावला?”

पुढचा पंखा, कंपनीनंच लावून दिलेला. काकांनी व्हर्नियर लावली. जाडी पंचवीस. तीनशे दहातनं पंचवीस गेले की राहिले दोनशे पंच्याऐंशी. खोक्यावरचा आकडा पंखा न धरता छापलेला होता. काकांनी चार स्क्रू काढले, पंखा चौकटीच्या आतनं काढून बाहेरच्या अंगाला, प्लॅस्टिकच्या तोंडाआड लावला. सात पाहिजे होते, पंचवीस मिळाले. कार्ड आत गेलं. भाचा काही बोलला नाही.

“बसतंय की!” काका म्हणाले.

बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, स्क्रीन काळी. दहा मिनिटं आम्ही तिघं त्या काळोखाकडं बघत होतो. मग भाच्यानं मागं जाऊन पाहिलं, तर मॉनिटरची केबल मी बोर्डाला लावलेली. ५६०० च्या पुढं ‘जी’ असता तर चित्र दिसलं असतं. बिनजीच्या प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नसतं, केबल कार्डालाच लावायची असते. लावली. उजेड पडला. बायकोनं चहा टाकला आणि ‘यावर ऑफिसचं कुठलं काम करणार?’ असं फक्त एकदाच विचारलं.

चहा पिता पिता काका रिकामी खोकी चाळत होते. बोर्डाच्या खोक्यातनं त्यांनी पत्र्याची एक चौकोनी पट्टी बाहेर काढली. तिला वेगवेगळ्या मापाची भोकं होती.

“हे काय रं उरलंय?”

मी भाच्याकडं बघितलं. भाच्यानं माझ्याकडं. ती पट्टी कॅबिनेटच्या मागच्या खिडकीत आतनं बसवायची असते, आणि तीही बोर्ड बसवायच्या आधी. भाच्यानं मुकाट्यानं स्क्रू-ड्रायव्हर माझ्याकडं सरकवला.

“खोलू नका रं,” काका म्हणाले. पट्टीच्या कडेवर व्हर्नियर फिरवत होते ते. “कड वळवून हिला बाहेरनं बसंल अशी करून देतो. अर्ध्या तासाचं काम. उद्या देतो.”

याला तीन आठवडे झाले. पट्टी उद्यमनगरात आहे. रोज फोन केला की ‘उद्या’ म्हणतात. कॉम्प्युटर झकास चालतो, फक्त मागच्या त्या खिडकीतनं परवा एक पाल आत गेली. ती मात्र नीट बसली.