रेक्टिफायर सिग्नलच्या वाटेत नसतो, म्हणून? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

महोदय, गिटारच्या ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरमधल्या रेक्टिफायर ट्यूबचा (एसी विजेचे डीसी करणाऱ्या नळीचा) आवाजावर परिणाम होतो, या माझ्या लेखावर "रेक्टिफायर ट्यूब सिग्नलच्या वाटेतच नसते, त्यामुळे तिचा आवाजाशी संबंध जोडणे ही अंधश्रद्धा आहे, इलेक्ट्रॉनिक्सचा गंध नसलेल्यांनी असे लेख लिहू नयेत," असे आपण म्हटले आहे. टोमणा मारणे हा पुण्यात जन्मसिद्ध हक्क समजला जातो, हे मी जाणतो. पण टोमण्याला निदान नाव तरी जोडावे, निनावी राहून दुसऱ्याचे शिक्षण काढू नये.

गिटारचा सिग्नल रेक्टिफायरमधून जात नाही, हे लेखातही लिहिले होते. मात्र स्पीकर हलवण्याइतकी ताकद देणाऱ्या पॉवर ट्यूबच्या प्लेटला मिळणारे व्होल्टेज तिथूनच येते. क्लास एबी पुश-पुल रचनेत (जिथे पॉवर ट्यूब जोडीने, आळीपाळीने काम करतात) तार जोरात छेडली की पॉवर ट्यूब एकदम जास्त करंट ओढतात, रेक्टिफायर ट्यूबच्या अंतर्गत रोधामुळे त्याच वेळी व्होल्टेज खाली बसते, स्वराचा पहिला फटका दबतो आणि स्वर ओसरू लागताच व्होल्टेज सावरल्यामुळे तो मागाहून फुलल्यासारखा वाटतो. यालाच वादक सॅग म्हणतात, आणि तो कानापेक्षा आधी बोटांना कळतो.

मी विद्यार्थिदशेपासून ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करत आलो आहे, तेव्हा गंधाचे राहू द्या. ५वाय३ ही रेक्टिफायर ट्यूब असलेल्या एका जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पहिल्या फिल्टर कपॅसिटरवर, म्हणजे रेक्टिफायरमधून आलेले व्होल्टेज जिथे साठते तिथे, मी काट्याचा मीटर लावला होता. ई मेजर कॉर्ड पूर्ण जोरात वाजवला की काटा झपकन खाली येई आणि कॉर्ड विरत जाईल तसा परत चढे. मग तापकीर गल्लीतून आणलेले सिलिकॉन डायोड त्या जागी जोडले. काटा जेमतेम हलू लागला आणि प्रत्येक फटका कोरडा, ताठ येऊ लागला. (डायोडने एकूण व्होल्टेजही वाढते, त्यामुळे बायस, म्हणजे पॉवर ट्यूबचा स्थिर करंट, तपासल्याशिवाय हा उद्योग कोणी करू नये.) पुढे डायोडच्या मागे योग्य वॅटेजचा रेझिस्टर टाकला, तेव्हा ती लवचीकता बरीचशी परत आली. म्हणजे मी ट्यूबची आरती ओवाळत नाही. मुद्दा रोधाचा आहे. म्हणूनच जीझेड३४ ही दुसरी रेक्टिफायर ट्यूब लावली तर ५वाय३ इतका सॅग मिळत नाही, कारण तिच्यात व्होल्टेज फारच कमी पडते. दोन्ही ट्यूबच आहेत, हे आपल्या लक्षात आले असेलच.

घरी हळू आवाजात वाजवणाऱ्याला हा फरक जाणवणार नाही, हे आपले म्हणणे मात्र रास्त आहे आणि मी ते मोकळेपणाने मान्य करतो. तितक्या आवाजात पॉवर ट्यूबवर ताणच येत नाही.

राहिले निगेटिव्ह फीडबॅक, कॅथोड बायस आणि "५० आणि १०० वॉटमध्ये फक्त ३ डेसिबलचा फरक" हे आपले इतर आक्षेप. शेवटचा तर माझ्याच लेखातला आकडा आहे, तो माझ्यावरच कसा उलटतो हे मला उमगले नाही. बाकीच्यांसाठी मूळ लेख पुन्हा वाचावा, या वेळी शक्यतो शेवटपर्यंत.