'इडली-पावामुळे मुलांच्या पोटात दारू बनते' : खुलासा

इडली, पाव, साखर दिली की यीस्टमुळे (एक प्रकारची सूक्ष्म बुरशी) मुलांच्या पोटात दारू बनते, असा मेसेज फिरतोय. अर्धवट खरं आहे, म्हणूनच घातक. आतड्यातलं यीस्ट साखरेपासून अल्कोहोल बनवतं, पण निरोगी मुलात ते नगण्य असतं आणि यकृत त्याचा निकाल लावतं. नशा चढण्याइतकं होणं अतिशय दुर्मीळ. २००१ मध्ये नोंदलेल्या प्रकरणातल्या १३ वर्षांच्या मुलीचं आतडं आखूड होतं. पिष्टमय पदार्थ खाल्ले की ती झिंगल्यासारखी दिसे. लहान आतड्यातल्या द्रवात यीस्ट सापडलं. फ्लुकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध देऊन उपचार झाले. पावातलं यीस्ट तर भाजतानाच मरतं. मुलांचा नाश्ता कृपा करून बंद करू नका. मूल खरंच झोकांड्या देत असेल, तर रक्तातली साखर घसरलेली असू शकते किंवा सॅनिटायझर पोटात गेलेलं असू शकतं. ताबडतोब दवाखान्यात न्या.