‘४डब्ल्यूएस’चा दिवा लागला, म्हणजे ॲक्च्युएटर गेला?

जुन्या होंडा प्रिल्यूड गाडीवाल्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. डॅशबोर्डवरचा ‘४डब्ल्यूएस’, म्हणजे चार चाकांच्या स्टिअरिंगचा, दिवा लागला की मागची चाकं वळवणारा भाग, म्हणजे ॲक्च्युएटर, गेला. बॅटरीची वायर काढून लावा, दिवा विझला तर सुटलात. नाहीतर सिस्टीमच उपटून टाका, कारण हायवेवर मागची चाकं भलतीकडे वळली तर जीव जाईल.

आधी कुठली प्रिल्यूड ते बोला. १९८७ मध्ये आलेल्या गाडीत पुढची चाकं वळवणाऱ्या स्टिअरिंग रॅकपासून मागपर्यंत चक्क एक शाफ्ट जातो. स्टिअरिंग थोडं फिरवलं तर मागची चाकं पुढच्यांच्याच दिशेला, जास्तीत जास्त १.५ अंश, पूर्ण फिरवलं तर उलट्या दिशेला ५.३ अंश. सगळा गिअरचा खेळ. तिथे बिघाडाचा कोड शोधणं म्हणजे सायकलला स्कॅनर लावणं. कोडची भानगड १९९१ नंतरच्या, मागे विजेची मोटर असलेल्या गाडीची.

आता ‘ॲक्च्युएटर गेला’. या गाडीत कोन मोजणारे सेन्सर पुढे दोन आणि मागे दोन, प्रत्येक जोडीत एक मुख्य, एक दुय्यम. कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, त्यांचे आकडे ताडून पाहतं. दोघांचं जुळलं नाही की कोड साठवतं आणि दिवा लावतं. पण दोघांतला खोटा कोण, हे त्याला कुठून कळणार? कुणी रॅक काढून बसवताना स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा एका दात्याने सरकवला, तरी वरचा, स्टिअरिंगजवळचा सेन्सर एक सांगणार आणि खालचा, रॅकजवळचा दुसरं. पार्ट सगळे धडधाकट, दिवा मात्र लागलेला. मागच्या बाजूला तर चिखल, पाणी आणि बर्फाळ प्रदेशात रस्त्यावर टाकलेलं मीठ. कनेक्टर सोडवून बघा, पिनांवर हिरवट थर दिसला तर आधी तो साफ करा. मग कनेक्टर हलवत मल्टिमीटर धरा. काटा उड्या मारायला लागला, तर दोष वायरिंगचा. हे न करता दुर्मिळ झालेला ॲक्च्युएटर शोधत फिरणाऱ्यांची मला दया येते.

हायवेची भीती. बिघाड पकडला की युनिट मोटर सोडून देतं आणि स्प्रिंग मागची चाकं सरळ आणते. गाडी साध्या गाडीसारखी चालते, वळायला थोडी जास्त जागा घेते, इतकंच.

बॅटरी काढल्याने कोड पुसला जातो, हे खरं. म्हणजे पुरावाही गेला. अधूनमधून येणाऱ्या बिघाडात तोच एक धागा हाती असतो. आधी लिहून घ्या, मग पुसा. चाकांचं अलाइनमेंट करताना मागचं स्टिअरिंग मध्यावर खिळवायची खास पिन असते. ती न लावता केलेलं अलाइनमेंट काय कामाचं?

आणि ते स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर? ते ज्यावर चालतात ते ओबीडी-२, म्हणजे गाडीचे कोड वाचायची ठरावीक पद्धत, अमेरिकेत सक्तीचं झालं १९९६ पासून. त्यातही साधा स्कॅनर इंजिनाचेच कोड वाचतो, स्टिअरिंगचे नाही. या प्रिल्यूडमध्ये सर्व्हिस चेक कनेक्टरच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडायच्या, चावी फिरवायची आणि दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजून मॅन्युअलशी ताडायचं. वायर वीतभर पुरते.