आधी रिमॅप, शेवटी ब्रेक: छोट्या हॅचबॅकच्या बदलांचा उलटा क्रम

पुण्यातल्या मोटारप्रेमी मित्रमंडळींमध्ये सध्या एक संदेश या फोनवरून त्या फोनवर फिरत आहे. छोट्या हॅचबॅकची ‘हॉट हॅच’, म्हणजे छोटी पण वेगवान गाडी, कशी करावी, याची कृती त्यात दिलेली आहे. आधी इंजिनाचा रिमॅप, म्हणजे त्याच्या संगणकाच्या आज्ञावलीत फेरबदल, करून तीस टक्के ताकद वाढवावी. मग बंद पेटीतला एअर फिल्टर काढून उघडा कोन फिल्टर आणि धूर मोकळा सोडणारा फ्री-फ्लो सायलेन्सर बसवावा. त्यानंतर १७ इंची अलॉय चाके घालावीत. स्प्रिंग बदलून किंवा कापून गाडी खाली घ्यावी, कारण गाडी जितकी खाली तितकी ती वळणावर पक्की. ब्रेक कंपनीचे पुरतात, पैसे उरले तर शेवटी पाहावे. नोंदणी आणि विम्याची काळजी करू नये, कारण बाहेरून कोणाला काही दिसत नाही. आणि हे सारे एकाच शनिवार-रविवारी उरकून टाकावे.

यातले एखाददुसरे विधान अर्धे खरे आहे आणि त्यामुळेच बाकीची सगळी खपून जातात. मी नऊ वर्षे चाकणला बनलेली फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय चालवतो. यातले तीन बदल मी पदरचे पैसे घालून केले आणि त्यांपैकी दोन काढून टाकले. गाडीत बदल करण्याला माझा विरोध नाही. आक्षेप क्रमाला आहे, कारण हा क्रम इंजिनापासून सुरू होतो आणि रस्त्याला टेकणाऱ्या भागांपर्यंत येईतो पैसे संपलेले असतात.

रिमॅपने तीस टक्के ताकद वाढते, हे टर्बो, म्हणजे हवा दाबून आत ढकलणाऱ्या, इंजिनापुरते अतिशयोक्त नाही. टर्बोचा दाब, इंधनाचे प्रमाण आणि ठिणगीची वेळ या तिन्ही गोष्टी संगणक ठरवतो, आणि हलक्या प्रतीचे इंधन, उन्हाळा व हलगर्जी देखभाल गृहीत धरून कंपनीने त्यात बरीच राखीव जागा सोडलेली असते. परंतु हाच संदेश साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनांच्या मालकांनाही जसाच्या तसा पाठवला जातो. त्या इंजिनात हवा केवळ वातावरणाच्या दाबाने आत येते, त्यामुळे रिमॅपच्या हाती फारसे काही उरत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि इथली हवा मुंबईच्या हवेपेक्षा साधारण पाच टक्क्यांनी विरळ आहे. असे इंजिन जवळपास तेवढीच ताकद इथे आधीच गमावून बसते. रिमॅपने फार तर ती तूट भरून निघेल.

टर्बो गाडीच्या मालकानेही अश्वशक्तीचा आकडा विचारण्याआधी टॉर्कचा, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराचा, आकडा विचारावा. पोलो जीटी टीएसआयचे १.२ लिटर इंजिन कंपनीकडून १०५ पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) आणि १७५ न्यूटन-मीटर टॉर्क देते, आणि तिचा कोरड्या क्लचचा सात-गिअरी डीएसजी (आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स) २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी रचलेला आहे. रिमॅपनंतर टॉर्क या मर्यादेच्या जवळ जाऊ लागला, की कर्वे रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता इंचाइंचाने सरकणाऱ्या गाडीत त्या क्लचचे काय होत असेल, याचा विचार करायला हवा. कोरडा क्लच घासून तापतो आणि त्याला थंड करायला तेल नसते. शिवाय रिमॅपची जी फाइल ९५ किंवा त्याहून अधिक ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी लिहिलेली आहे, तिच्यावर गाडी चालवायची तर ते पेट्रोल दर खेपेला भरण्याची तयारी हवी. आणखी एक गोष्ट संदेशात कुठेच येत नाही. या गाड्यांत पुढचीच चाके ओढतात आणि पुढचीच वळतात. वळणातून बाहेर पडताना आतल्या बाजूच्या चाकावरचा भार आधीच कमी झालेला असतो. त्यात टॉर्क वाढवला की ते चाक जागच्या जागी फिरते आणि गाडीचे नाक वळणाच्या बाहेर ढकलले जाते. वाढवलेली ताकद अशा वेळी टायर झिजवण्यापलीकडे काही करत नाही.

ब्रेकविषयीचे विधान मला सर्वांत घातक वाटते, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. कंपनीचे ब्रेक पुरतात हे खरे, पण ते कंपनीने दिलेल्या ताकदीला आणि ब्रेक ऑइल ताजे असताना. काही वर्षांपूर्वी, रिमॅप केल्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यानंतर, मी सिंहगडावरून उतरत होतो. उत्साहाच्या भरात तिसऱ्या गिअरमध्ये राहून प्रत्येक वळणाआधी ब्रेक दाबत आलो. अर्धा घाट उतरल्यावर पेडल नेहमीच्या जागी थांबेना, ते स्पंजासारखे आत जाऊ लागले आणि जळक्या पॅडचा उग्र वास केबिनमध्ये शिरला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घेऊन, कडेला लावून मी अर्धा तास थांबलो. दुसऱ्या दिवशी ब्लीडरला (ब्रेक ऑइल बाहेर काढायच्या बोल्टला) लावलेल्या पारदर्शक नळीतून जे ब्रेक ऑइल बाहेर आले, ते फिक्या पिवळ्या रंगाचे असायला हवे होते. ते कोऱ्या चहासारखे काळपट होते. चार वर्षे मी ते बदललेले नव्हते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीचे ऑइल नवे असताना २३० अंश सेल्सियसच्या वर उकळले पाहिजे, असे मानक सांगते. ओलावा मुरलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पायाचा जोर चाकाजवळ पॅड दाबणाऱ्या कॅलिपरपर्यंत पोहोचतच नाही. सिंहगडाच्या उताराचा हिशेब कागदावर मांडला तर धोका लगेच कळतो. दोन माणसांसह गाडीचे वजन १२५० किलो आणि उतार ढोबळमानाने ५०० मीटरचा धरला, तर खाली येईपर्यंत सुमारे ६१ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ताशी १०० किलोमीटर वेगाची हीच गाडी एकदा पूर्ण थांबवायला सुमारे ४.८ लाख ज्यूल लागतात. म्हणजे हा घाट उतरणे हे शंभराच्या वेगावरून बारा-तेरा वेळा थांबण्यासारखे आहे, आणि इंजिन ब्रेकिंग न वापरणारा चालक त्यातला मोठा वाटा चार चाकांच्या ब्रेकवर टाकतो. दोन वळणांच्या मधल्या तुकड्यात वेग वाढवण्याइतकी ताकद इंजिनात आली असेल, तर हा आकडा आणखी वाढतो.

याचा अर्थ मोठ्या डिस्कचा महागडा संच घ्यावा असाही नाही. एबीएस, म्हणजे चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, जागे होण्याइतका जोर मूळ ब्रेकमध्ये असतोच. मोठी डिस्क उष्णता अधिक वेळ सोसते, पण एकदाच थांबायचे असेल तर गाडी किती अंतरात थांबेल, हे टायर ठरवतो. रस्ता आणि टायर यांच्यातला घर्षणांक ०.८ असेल तर ताशी १०० किलोमीटरवरून थांबायला सुमारे ४९ मीटर लागतात, ०.९ असेल तर सुमारे ४४. पोलोची लांबी चार मीटरही नाही. हा फरक चांगल्या टायरने मिळतो. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल, घाटाला टिकणारे पॅड आणि चार चांगले टायर, एवढ्याला रिमॅपपेक्षा फार जास्त पैसे लागत नाहीत, आणि माझ्या मते पहिला खर्च हाच असावा. नाना पेठेत टायर घेताना बाजूच्या भिंतीवरचा चार आकडी शिक्का स्वतः वाकून वाचावा. २३१९ असे लिहिले असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. नक्षी कोरी करकरीत दिसत असली तरी रबर तोवर कडक होऊ लागलेले असते.

आता गाडी खाली घेण्याविषयी. वजनाचा केंद्रबिंदू खाली आला की गाडी वळणात कमी कलते, हे तत्त्व बरोबर आहे, परंतु संदेशात निम्मेच सांगितले आहे. या हॅचबॅकना पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकत्र असलेले खांब) असतात. गाडी ज्या बिंदूभोवती कलते, त्याला रोल सेंटर म्हणतात, आणि त्याची जागा लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या, कोनावर अवलंबून असते. गाडी खाली घेतली की लोअर आर्म आडवा होतो किंवा चाकाकडचे टोक वर जाऊन उलटा कलतो, आणि रोल सेंटर वजनाच्या केंद्रबिंदूपेक्षा जास्त अंतराने खाली घसरतो. या दोन बिंदूंमधले अंतर वाढले की गाडीला कलवणारा जोर वाढतो. म्हणून खाली घेतलेली गाडी कमी कलायला हवी असेल तर स्प्रिंगही तेवढ्याच कडक कराव्या लागतात, आणि कडक स्प्रिंगना आवर घालणारे शॉकॲब्सॉर्बर निराळे लागतात. मूळ शॉकॲब्सॉर्बरवर नुसत्या खाली घेणाऱ्या स्प्रिंग घातल्या, तर खड्ड्यानंतर गाडी दोन-तीनदा झुलत राहते. स्प्रिंग कापण्याच्या सल्ल्याबद्दल एवढेच सांगतो की, कापलेली स्प्रिंग चाक लटकले असता आपल्या बैठकीतून सुटू शकते, आणि तो सल्ला देणारा माणूस त्या वेळी तुमच्या गाडीत नसतो.

मी ३५ मिलिमीटरने खाली घेणाऱ्या स्प्रिंग वर्षभर वापरल्या. सोसायटीच्या फाटकातला गतिरोधक रोज तिरपा ओलांडावा लागे, आणि भोर रस्त्यावर मागे दोघे बसले की मागच्या चाकांना जोडणारा टॉर्शन बीम दर दहा मिनिटांनी बंप स्टॉपवर, म्हणजे हालचाल संपते तिथल्या रबरी अडथळ्यावर, आदळे. बंप स्टॉपवर बसलेले चाक रस्त्याचा पाठलाग करू शकत नाही. अशा वेळी वळणातल्या एका उंचवट्यावर गाडी आडवी सरकते. आपल्या रस्त्यांवर स्प्रिंगला मिळणारी मोकळी हालचाल हीच पकड आहे, असे मी आता ठामपणे म्हणेन. २०१८ साली आलेल्या टाटाच्या टियागो जेटीपी या वेगवान आवृत्तीचे उदाहरण मला फार बोलके वाटते. टर्बो इंजिन आणि ११४ पीएस असूनही ती मूळ टियागोपेक्षा जेमतेम चार मिलिमीटर खाली होती. रांजणगावला बनलेल्या पुंटो अबार्थला फियाटने १४५ पीएस दिले, पण त्याबरोबर चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि १९५/५५ आर १६ टायरही दिले. साठ-सत्तर हजार किलोमीटर झालेल्या गाडीला नवे शॉकॲब्सॉर्बर, नवे बुश (सांध्यांतली रबरे) आणि नीट केलेले चाकांचे अलाइनमेंट एवढे मिळाले, तरी ती आपली मूळ गाडी आहे यावर मालकाचा विश्वास बसत नाही. पोलो २०२२ साली बंद झाली. आता पुण्यात फिरणाऱ्या बहुतेक जीटी या टप्प्यावर पोहोचल्या आहेत.

१७ इंची चाकांचे गणित सोपे आहे. १८५/६० आर १५ टायरची बाजूची भिंत १११ मिलिमीटरची असते, २०५/४५ आर १७ ची ९२ मिलिमीटरची. खड्ड्याची धार आणि रिम यांच्यामधले १९ मिलिमीटर रबर आपण पैसे देऊन कमी करतो. माझ्या बाबतीत जूनच्या पहिल्या पावसात, पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात डावे पुढचे चाक गेले आणि एका फटक्यात रिम वाकली, टायरला लिंबाएवढा फुगा आला. जड चाक वर-खाली हलवायला शॉकॲब्सॉर्बरला जास्त कष्ट पडतात आणि गाडीचा वेग वाढवतानाही त्याचे वजन नडते. टायरसकट काट्यावर ठेवले तेव्हा माझे प्रत्येक नवे चाक साडेतीन किलोने जड भरले होते. मूळ १५ इंची रिमवर चांगल्या रबराचे १९५ रुंदीचे टायर घालून मला जी पकड मिळाली, ती त्या चाकांवर कधी मिळाली नाही.

कोन फिल्टरवर फार लिहिण्यासारखे नाही. तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. ३५ अंशांऐवजी ६० अंशांची हवा आत गेली तर तिची घनता सुमारे साडेसात टक्क्यांनी घटते, आणि शहरात चाललेल्या बांधकामांची बारीक धूळ पाहता कागदी फिल्टरची बंद पेटी हीच योग्य जागा आहे. फ्री-फ्लो सायलेन्सरने रिमॅप न केलेल्या छोट्या इंजिनात मुख्यतः आवाज वाढतो, आणि त्या आवाजाचा त्रास रात्री अकरा वाजता शेजारच्या इमारतीतल्या आजारी माणसाला होतो.

बाहेरून दिसत नाही म्हणून चालते, हा युक्तिवाद कायद्यापुढे टिकत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ज्या शहरात वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था गाड्यांच्या उत्सर्जनाच्या आणि सुरक्षिततेच्या चाचण्या घेते, त्या शहरातल्या माणसांनी तरी या चाचण्यांचा अर्थ समजून घ्यावा असे मला मनापासून वाटते. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी, म्हणजे आपण आधीच अडचणीत असताना, पुढे येतो. टायर, पॅड, ब्रेक ऑइल आणि शॉकॲब्सॉर्बर हे मूळ मापात आणि चांगल्या प्रतीचे बदलले तर यातला कोणताच प्रश्न उभा राहत नाही.

राहिला एकाच शनिवार-रविवारी सगळे उरकण्याचा सल्ला. एका वेळी एकच बदल करावा, त्यानंतर ओळखीच्या रस्त्यावर पाच-सहाशे किलोमीटर गाडी चालवावी आणि काय जाणवले ते वहीत लिहावे, ही सवय मला उशिरा लागली. माझ्यासाठी तो रस्ता बोपदेव घाटाचा आहे. कोरड्या रस्त्यावर, मागच्या दोन टायरमध्ये दोन पीएसआय हवा वाढवली, तर वरून दुसऱ्या वळणावर गाडीचे नाक आधीपेक्षा सहज आत येते. पंपावर दोन मिनिटांत होणारे हे काम आहे. त्याच आठवड्यात मी स्प्रिंग आणि चाकेही बदलली असती, तर याचे श्रेय स्प्रिंगला देऊन मोकळा झालो असतो.