सगळीकडे 4.3

आमच्या शहरातल्या रेस्टॉरंट्समधे सगळं आहे. रूफटॉप आहे, छताला उलट्या टांगलेल्या कुंड्या आहेत, भिंतीवर निऑनमधे सुविचार आहे, आणि बसलं की पाय अधांतरी लटकतात अशा उंच खुर्च्या तर जिकडेतिकडे आहेत. फक्त जेवण तेवढं राहिलंय.

आणि अशा शहरात कोणी तुम्हाला "जेवायला कुठे जायचं ते तू सांग ना, तुला कळतं त्यातलं" म्हणालं की समजायचं आपण कायमचे अडकलो. जेवण चांगलं निघालं तर जागेचं कौतुक, वाईट निघालं तर ती "तू नेलेली जागा", आणि ते पुढची कितीतरी वर्षं ऐकायचं. त्यातही "मला काहीही चालेल" म्हणणारी मंडळी सगळ्यात डेंजर, कारण त्यांना काहीच चालत नाही. एकीला तिथे पार्किंग मिळत नाही, दुसरा परवाच तिथे जाऊन आलेला असतो, आणि तिसरा सगळं ठरल्यावर उगवतो आणि विचारतो, रेटिंग किती आहे?

रेटिंग 4.3 आहे बाबा. सगळ्यांचंच 4.3 आहे. काल उघडलेल्याचंही आणि बंद पडायला टेकलेल्याचंही. पाच स्टारवाले रिव्ह्यू वाचायला बसलं तर त्यात "अँबियन्स भारी, स्टाफ एकदम विनम्र, अमुकतमुक यांनी फार छान काळजी घेतली" असं सगळं मिळतं, पण अरे, खाल्लंस काय ते सांग की! यामागचं गुपित बिल मागवलं की कळतं. बिलासोबत तो अमुकतमुक स्वतःच एक क्यूआर कोड घेऊन येतो, "सर, एक छोटासा रिव्ह्यू, आणि प्लीज माझं नाव टाका", आणि मग तिथेच उभा राहतो. हलत नाही. तुमच्या तोंडात अजून तो चावून चावून न संपलेला घास असतो, तो बिचारा आशेने तुमच्या अंगठ्याकडे बघत असतो, अशा वेळी दोन स्टार द्यायला काळीज दगडाचं लागतं. पोरगा खरंच चांगला असतो हो, घोडं स्वयंपाकघरात अडलेलं असतं.

तसं हे दुखणं फक्त आमच्याकडचं नाही. 2017 साली लंडनमधे एका पठ्ठ्याने आपल्या बागेतल्या शेडला रेस्टॉरंट म्हणून ट्रिपअॅडव्हायजर या रिव्ह्यूच्या साइटवर टाकलं, शेव्हिंग फोम वगैरे वापरून पदार्थांचे फोटो काढले, ओळखीपाळखीच्यांकडून खोटे रिव्ह्यू लिहून घेतले, आणि ती शेड शहरातल्या 18 हजारांवर रेस्टॉरंट्समधे पहिल्या नंबरवर गेली. तोवर तिथे कोणी एक घास खाल्लेला नव्हता! आमच्याकडच्या काही जागांपेक्षा ते बरंच म्हणायचं, निदान कोणाचं पोट तरी बिघडलं नाही.

मिशलिनचे स्टार हा जरा भरवशाचा मामला, पण ते आमच्या वाटेला यायचे नाहीत. ती टायरची कंपनी, लोकांनी गाड्या जास्त फिरवाव्यात म्हणून 1900 साली त्यांनी गाइड काढलं, जेवणाचे स्टार 1926 पासून द्यायला लागले. त्यांच्या हिशोबात दोन स्टार म्हणजे वाट वाकडी करून जावं असं, आणि तीन म्हणजे खास त्यासाठीच प्रवास करावा असं. आम्ही दर शनिवारी वाट वाकडी करतो. टायर झिजले, स्टार काही दिसला नाही.

म्हणून मी आता माझ्यापुरते नियम केलेत. पाच स्टारवाले रिव्ह्यू वाचायचे नाहीत, एक स्टारवाले पण नाहीत (ते बहुतेक पार्किंगवरून भांडलेले असतात), फक्त तीनवाले वाचायचे. तीन स्टार देणाऱ्या माणसाचं कोणाशी वैर नसतं, तो निमूटपणे लिहितो की सूप बरं होतं, बाकी सगळं गार आलं. दुसरं म्हणजे मेनू जाड असला की उठायचं. दोनशे पदार्थ आणि आत माणसं चार, म्हणजे फ्रीझर मोठा आणि सॉस एकच, तोच लाल सॉस कधी क्रीम घालून तर कधी मिरची घालून वेगवेगळ्या नावांनी टेबलावर येणार. तिसरं, मोबाईलचा टॉर्च लावल्याशिवाय मेनू दिसत नसेल तर ताटावर टॉर्च मारायची हिंमत आहे का ते आधी स्वतःला विचारायचं. आणि गाणी कानठळ्या बसतील एवढ्या आवाजात असतील तर बाहेर. मोठ्या आवाजात गोड आणि खारट चव कमी लागते असं प्रयोगांमधून दिसलंय, त्यामुळे काही ठिकाणी तो आवाज मालकाने पूर्ण विचारांती ठेवला असावा असा माझा दाट संशय आहे.

एवढं करून एखादी जागा सापडतेही. छोटीशी, टेबलं मोजकी, मेनू एका पानाचा, मालक स्वतः गल्ल्यावर. पण ती टिकत नाही, हेच तर. आपणच चार जणांना सांगतो, ते आणखी चाळीस जणांना, मग बाहेर वेटिंग, मग शेजारचा गाळा घेतला, मग दुसरी ब्रँच, आचारी तिकडे गेला आणि इकडे त्याचा हेल्पर उरला. पुढच्या वेळी जावं तर छताला कुंड्या.

अशाच एका जागेबद्दल परवा मी पण तीन स्टारवाला रिव्ह्यू लिहिला. अगदी सभ्य भाषेत, की पूर्वी इथे फार छान मिळायचं, आता पदार्थ मधून गार असतात, मीठ कुठे आहे कुठे नाही, कृपया लक्ष द्या. दहा मिनिटांत मॅनेजमेंटचं उत्तर आलं, "आपल्या सुंदर शब्दांबद्दल मनःपूर्वक आभार! आमचं जेवण आपल्याला एवढं आवडलं हे वाचून संपूर्ण टीमला आनंद झाला. लवकरच पुन्हा या, आणि येताना मित्रमंडळींनाही घेऊन या."